कड्याच्या काठावरची सपाटी: सेंट हेलेनाच्या प्रॉस्परस बे मैदानाचे प्रकरण

१८ एप्रिल २०१६ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या कॉमेअर कंपनीचे बोइंग ७३७-८०० हे विमान दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेटावर उतरण्यासाठी आले. विमानतळ बांधून तयार होता, धावपट्टीवर खड्डा नव्हता, दृश्यमानताही चांगली होती. तरीही उत्तरेकडून धावपट्टीजवळ येताच वाऱ्याने विमान असे काही हलवले, की वैमानिकाला उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून पुन्हा वर जावे लागले. विमान शेवटी सुखरूप उतरले. पण पुढच्या महिन्यात, २१ मे रोजी, म्हणजे बेटाच्या शोधाचा दिवस म्हणून पाळल्या जाणाऱ्या सेंट हेलेना दिनी ठरलेला उद्घाटनाचा समारंभ पुढे ढकलण्यात आला आणि नियमित प्रवासी सेवा सुरू व्हायला २०१७ सालचा ऑक्टोबर उजाडला. या घटनेकडे बहुतेकांनी चुकलेला सरकारी प्रकल्प म्हणून पाहिले. प्रस्तुत लेखात तिचा विचार ज्या जमिनीवर ती घडली त्या जमिनीच्या अंगाने केला आहे. प्रॉस्परस बे मैदान सपाट आहे आणि ते एका उंच कड्याच्या काठाशी संपते. पहिल्या गुणामुळे विमानतळ तिथे आला आणि दुसऱ्यामुळे अडला. वास्तविक हे दोन्ही गुण एकाच भूरूपाचे आहेत आणि त्यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

बेट आणि त्यावरची जागा

सेंट हेलेना हे सुमारे १२२ चौरस किलोमीटरचे ज्वालामुखीजन्य बेट आहे. आफ्रिकेचा किनारा तिथून सुमारे १,९०० किलोमीटर दूर आहे आणि सर्वांत जवळची जमीन म्हणजे वायव्येकडील असेन्शन बेटदेखील १,३०० किलोमीटरवर आहे. मध्य-अटलांटिक पर्वतरांगेच्या पूर्वेस समुद्रतळापासून वर आलेल्या एका प्रचंड ज्वालामुखीचा हा केवळ माथा होय. आधी ईशान्येकडील आणि मग नैर्ऋत्येकडील मुखातून लाव्हाचे थर साचत गेले. सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखी शांत झाला आणि तेव्हापासून बेट फक्त झिजत आले आहे. लाटांनी चोहोबाजूंनी पाया पोखरल्यामुळे किनाऱ्याला उभे कडे तयार झाले, पावसाने आतल्या भागात खोल घळी कोरल्या आणि या दोहोंच्या मध्ये ज्या थोड्या लाव्हापृष्ठांची झीज कमी झाली, ती सपाट राहिली. अशा बेटावर मैदान हा अपवाद असतो. नदीने आणून टाकलेल्या गाळाचे मैदान वेगळे आणि हे वेगळे. कोकणातला सडा ज्याने पाहिला आहे, त्याला उघड्या दगडाची, पातळ मातीची आणि अचानक संपणारी ही सपाटी चटकन समजेल.

प्रॉस्परस बे मैदान बेटाच्या पूर्व टोकाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. लाँगवुडची वस्ती, जिथे नेपोलियनने १८१५ ते १८२१ ही आपली शेवटची वर्षे काढली, ती इथून पश्चिमेला थोड्याच अंतरावर आणि अधिक उंचीवर आहे. मैदानाच्या उत्तरेला फिशर्स व्हॅली, दक्षिणेला ड्राय गट नावाची खोल कोरडी घळ आणि पूर्वेला थेट समुद्रात कोसळणारा कडा आहे. वर्षातील बहुतेक काळ आग्नेय व्यापारी वारे या कड्यावर आदळत राहतात. हे वारे बाष्प घेऊन येतात. पण ते बाष्प पावसात उतरते ते बेटाच्या मध्यभागी, सुमारे ८२० मीटर उंचीच्या डायना शिखराच्या आसपास, जिथे हवा पुरेशी वर चढून थंड होते. त्यामुळे वाऱ्याच्या पहिल्या तोंडी असूनही हे मैदान जवळजवळ वाळवंट आहे आणि त्याच्या मधल्या खोलगट भागात बारीक धुळीचा थर साचलेला आहे.

मैदानावर जे राहते आणि जे राहत होते

इथली जमीन प्रथमदर्शनी ओसाड दिसते आणि या ओसाडपणाच्या समजुतीनेच तिचे सर्वाधिक नुकसान केले आहे. पावसानंतर धुळीतून 'बेबीज् टोज', म्हणजे तान्ह्या बाळाच्या पायाच्या बोटांसारखी गुबगुबीत पाने असलेली, जगात इतरत्र कुठेही नसलेली वनस्पती वर येते. धुळीत बीळ करून राहणारा एक छोटा कोळी आहे, ज्याला तिथे 'मोल स्पायडर' म्हणतात आणि ज्याचे घर म्हणजे एवढेच मैदान. १९६० च्या दशकात बेल्जियमच्या शास्त्रीय मोहिमांनी बेटावरील कीटक व कोळ्यांचा मोठा संग्रह केला आणि पुढे विमानतळाचा विचार सुरू झाल्यावर फिलिप व मर्टल अ‍ॅशमोल या दांपत्याने या एकाच मैदानाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांतून दिसले ते असे, की बेटाच्या हिरव्या भागाचा ऱ्हास होत असताना कोरड्या पूर्वेने अनेक स्थानिक प्रजाती टिकवून धरल्या होत्या आणि धुळीचा तो मधला खोलगट भाग सर्वांत मोलाचा होता.

याच कोरड्या पूर्वभागात, उत्तरेकडील हॉर्स पॉइंट मैदानावर, आठ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा महाकाय चिमटेकिडा राहत असे. तो जिवंत असा शेवटचा पाहिला गेला १९६७ मध्ये आणि २०१४ मध्ये त्याची नोंद नामशेष प्राण्यांत झाली. बाहेरून आलेले उंदीर व गोम यांच्याबरोबर एक कारण असे दिले जाते, की ज्या दगडांखाली तो राहत असे ते बांधकामासाठी उचलून नेण्यात आले. जिथे झाड नाही तिथे दगड हेच छप्पर असते, ही गोष्ट दगड उचलणाऱ्याच्या लक्षात येण्यासारखी नव्हती आणि म्हणूनच ती इथे नोंदवावीशी वाटते.

वायरबर्ड हा चिखल्यांच्या कुळातील लांब, तारेसारख्या पायांचा पक्षी बेटाचा स्वतःचा म्हणता येईल असा एकमेव जिवंत भूचर पक्षी होय. त्याला उघडी, सपाट जमीन लागते, म्हणजे जी विमानाला लागते तीच. त्याची सर्वांत दाट वस्ती जवळच्या डेडवुड मैदानावर असली, तरी प्रॉस्परस बे मैदानही त्याच्या घरट्यांच्या जागांपैकी एक आहे. याखेरीज या परिसरातील थरांत पूर्वीच्या पक्ष्यांची हाडे सापडली आहेत. ड्राय गटमध्ये १९६३ साली फिलिप अ‍ॅशमोल यांना मिळालेल्या हाडांवरून पुढे १९७५ मध्ये पक्षी-जीवाश्मांचे अभ्यासक स्टॉर्स ओल्सन यांनी सेंट हेलेनाच्या हुदहुदाचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या माळांवर दिसणाऱ्या हुदहुदापेक्षा हा आकाराने मोठा होता आणि शिकारी प्राणी नसलेल्या बेटावर राहून बहुधा उडणे सोडून बसला होता; माणूस आल्यानंतर तो टिकला नाही.

शेळ्या, झाडे आणि एक चढाई

१५०२ मध्ये भारतातून परतणाऱ्या जुआंव द नोव्हा या पोर्तुगीज कप्तानाला हे बेट सापडले. त्याचा पहिला कायमचा रहिवासी गोव्याच्या इतिहासातून आला, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. फेर्नांव लोपिश हा पोर्तुगीज सैनिक गोव्यात आदिलशाही पक्षाला जाऊन मिळाला होता. १५१२ मध्ये बाणस्तारीचा वेढा संपल्यावर अफोन्सो द अल्बुकर्कने त्याच्यासारख्यांना जीवदान दिले, पण त्यांचे नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापून टाकला. काही वर्षांनी मायदेशी निघालेला लोपिश वाटेत या निर्जन बेटावर उतरला आणि मधला थोडा काळ वगळता मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याच काळात पोर्तुगीजांनी बेटावर शेळ्या सोडल्या, येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना ताजे मांस मिळावे म्हणून. १५८८ मध्ये इंग्रज दर्यावर्दी टॉमस कॅव्हेंडिश तिथे पोहोचला तेव्हा शेळ्यांचे कळप हजारोंनी झाले होते.

डेडवुडपासून प्रॉस्परस बे मैदानापर्यंत तेव्हा गमवुड या स्थानिक वृक्षाचे सलग अरण्य होते. त्याला 'ग्रेट वुड' म्हणत. शेळ्यांनी उभी झाडे पाडली नाहीत, त्यांनी फक्त रोपे खाल्ली. म्हणूनच अरण्य संपत असल्याचे कोणाच्या ध्यानी आले नाही. जुनी झाडे होती तोवर सर्व ठीक वाटत होते आणि ती म्हातारी होऊन कोसळू लागली तेव्हा त्यांच्या मागे उभे राहायला काही नव्हते. त्यात लाकूडतोडीची भर पडली. १७१६ मध्ये पुष्कळ झाडे होती आणि १७२४ पर्यंत त्यांतली बहुतेक पडलेली होती; मोकाट जनावरे मारण्याचा हुकूम निघाला तो १७३१ मध्ये. आज आपण जे उघडे मैदान पाहतो त्याच्या वरच्या, पश्चिमेकडील भागाचा उघडेपणा मानवी इतिहासाचा आहे आणि खालच्या धुळीच्या भागाचा हवामानाचा. हा भेद न करता सगळ्यालाच पडीक म्हणणे बरोबर नाही.

मैदानाच्या इतिहासातील सर्वांत नाट्यमय रात्र १६७३ च्या मे महिन्यातली. १६५९ पासून बेट इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीकडे होते. १६७३ च्या आरंभी डचांनी ते जिंकून घेतले. गव्हर्नर अँथनी बील निसटून ब्राझीलला गेला आणि तिथून इंग्रज जहाजांना सावध करण्यासाठी त्याने एक छोटे गलबत पाठवले, ज्यावर ऑलिव्हर नावाचा, बेटाच्या वाटा पाठ असलेला एक कृष्णवर्णी गुलाम होता. हे गलबत रिचर्ड मंडनच्या आरमाराला भेटले. बेटाची राजधानी असलेल्या जेम्सटाऊनच्या तोफांसमोर सरळ जाण्याऐवजी मंडनने कॅप्टन रिचर्ड कीगविनच्या हाताखाली काहीशे माणसे रात्री प्रॉस्परस उपसागरात उतरवली. परंपरेने सांगितले जाते, की टॉम नावाचा एक जण दोर घेऊन कडा चढला आणि खालचे लोक 'घट्ट धर, टॉम' असे ओरडत राहिले. त्या जागेला आजही 'होल्डफास्ट टॉम' म्हणतात. कड्यावरून मैदानावर आणि मैदानावरून ऑलिव्हरने दाखवलेल्या वाटेने लाँगवुडमार्गे ही तुकडी जेम्सटाऊनच्या माथ्यावरील डोंगरावर पोहोचली आणि समोरून जहाजे, मागून शिपाई अशा कात्रीत सापडलेल्या डचांनी शरणागती पत्करली. ऑलिव्हरला पुढे स्वातंत्र्य आणि जमीन मिळाली. कड्यामुळे ही बाजू सुरक्षित आहे असे समजून डचांनी ती उघडी ठेवली होती.

या कीगविनचे नाव आपल्याला परके नाही. काही काळ बेटाचा गव्हर्नर राहून तो पुढे मुंबईला आला आणि १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारी याच्या नेतृत्वाखाली खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा तिला अडवायला गेलेल्या इंग्रज आरमाराचे नेतृत्व कीगविनकडेच होते. १८ ऑक्टोबर १६७९ च्या लढाईत 'रिव्हेंज' हे त्याचे जहाज टिकले, पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. १६८३ च्या अखेरीस त्याने मुंबईत कंपनीविरुद्ध बंड करून सत्ता घेतली आणि छत्रपती संभाजी महाराजांशी तहही केला. १६८४ मध्ये त्याने मुंबई परत सोपवली. एका रात्री दोराने कडा चढवून बेट घेणारा हा माणूस खांदेरीपुढे मात्र अडकून पडला, ही तुलना कोणीतरी सविस्तर करायला हवी.

वाऱ्याची भिंत

१८३६ च्या जुलैमध्ये चार्ल्स डार्विन बीगल जहाजातून येऊन इथे काही दिवस राहिला. त्याने एक विलक्षण नोंद केली आहे. सुमारे हजार फूट खोल कड्याशी संपणाऱ्या एका मैदानाच्या काठावर तो उभा होता. जिथे तो होता तिथे हवा अगदी शांत होती. पण अवघ्या काही यार्डांवर, वाऱ्याच्या दिशेला, सुरय पक्षी जोरदार वाऱ्याशी झुंजत होते. त्याने कड्याच्या अगदी कडेला जाऊन हात पुढे केला, तर वाऱ्याचा संपूर्ण जोर हाताला लागला. शांत हवा आणि सोसाट्याचा वारा यांच्यामध्ये दोन यार्ड रुंदीची अदृश्य भिंत असल्यासारखे त्याला वाटले. डार्विनने मैदानाचे नाव दिलेले नाही. पण कड्यावर आदळलेला वारा वर फेकला जातो आणि काठाच्या आत एक निराळीच हवा असते, हे या बेटाचे गुपित त्याने १८० वर्षे आधी लिहून ठेवले होते.

विमानशास्त्रात वाऱ्याचा वेग किंवा दिशा थोड्याच अंतरात एकदम बदलण्याला विंड शिअर म्हणतात. उतरताना विमानाचा वेग कमी असतो आणि पंखांना आधार देणारा समोरचा वारा क्षणात कमी झाला, तर ते खाली बसते; सावरायला उंचीही शिल्लक नसते. प्रॉस्परस बे मैदानावरची धावपट्टी साधारण दक्षिणोत्तर आहे. वारे आग्नेयेचे असल्याने विमानाने उत्तरेकडून, वाऱ्याला तोंड देत उतरावे हे सर्वसाधारण नियमाला धरून होते. परंतु त्याच बाजूला कडा आणि खडकांचे सुळके वाऱ्याला घुसळून काढतात. दक्षिणेकडून यावे तर हवा तुलनेने स्थिर, पण वारा पाठीमागून. म्हणजे जमिनीवरचा वेग जास्त आणि थांबायला लांब धावपट्टी हवी. धावपट्टी १,९५० मीटरचीच आहे आणि दोन्ही टोकांना पुढे जमीन नाही.

दुसरी जागा होती का?

प्रकरणाचा हा कळीचा प्रश्न आहे आणि माझ्या मते त्याचे उत्तर 'नव्हती' असे आहे. १९४३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलाने याच मैदानाची पाहणी केली होती आणि धावपट्टी तांत्रिकदृष्ट्या शक्य, पण व्यवहार्य नाही असा निष्कर्ष काढला होता. त्यानंतर कित्येक दशके बेटाचा जगाशी संबंध जहाजानेच राहिला. १९९० पासून आरएमएस सेंट हेलेना हे जहाज केप टाउनहून सुमारे पाच दिवसांत बेटावर येई. सुमारे साडेचार हजार लोकवस्तीच्या बेटावर शस्त्रक्रियेची निकड असलेल्या रुग्णाला पाच दिवस समुद्रात काढावे लागणे म्हणजे काय, हे विमानतळाच्या खर्चावर टीका करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

ब्रिटिश सरकारने २००५ मध्ये विमानतळ जाहीर केला, २००८ च्या अखेरीस आर्थिक कारणाने थांबवला, २०१० मध्ये पुन्हा मान्य केला आणि ३ नोव्हेंबर २०११ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या बेसिल रीड कंपनीशी करार झाला. एकूण तरतूद सुमारे २८.५ कोटी पौंडांची होती. मैदान सपाट असले तरी पुरेसे लांब नव्हते. म्हणून ड्राय गट ही घळ सुमारे ८० लाख घनमीटर दगडमातीने भरून सुमारे १०० मीटर उंचीचा भराव उभारण्यात आला. यंत्रे आणायला बेटावर धक्का नव्हता, म्हणून रूपर्ट्स खोऱ्यात तो करावा लागला आणि तिथून मैदानापर्यंत सुमारे १४ किलोमीटरचा रस्ता कोरावा लागला. त्या रस्त्याच्या तयारीत, २००७-०८ मध्ये, रूपर्ट्स खोऱ्यात ३२५ मानवी अवशेष उत्खननात मिळाले. १८४० नंतर ब्रिटिश आरमाराने गुलामवाहू जहाजांतून सोडवलेल्या हजारो आफ्रिकी लोकांना या बेटावर उतरवले होते. त्यांतले सुमारे आठ हजार इथेच मेले. या ३२५ जणांचे सन्मानाने पुन्हा दफन व्हायला २०२२ साल उजाडले. विमानतळ चार वर्षांत उभा राहतो आणि या माणसांना मातीत परत जायला चौदा वर्षे लागतात, हे मला या प्रकरणातील सर्वांत बोचणारे वास्तव वाटते.

१५ सप्टेंबर २०१५ रोजी पहिले विमान उतरले. ते उपकरणे तपासणारे छोटे बीचक्राफ्ट होते. मे २०१६ मध्ये विमानतळाला सुरक्षिततेचे प्रमाणपत्रही मिळाले. तोपर्यंत बोइंगचा अनुभव हाती आला होता. ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने डिसेंबर २०१६ च्या अहवालात कठोर शब्दांत म्हटले, की प्रचलित वाऱ्यांचा व्यापारी विमानांच्या सुरक्षित उतरण्यावर काय परिणाम होईल हे निश्चित करण्यापूर्वीच विमानतळ बांधून पूर्ण करणे थक्क करणारे आहे. हा ठपका योग्यच आहे. मात्र त्यातून जागाच चुकीची होती असा अर्थ काढू नये. खरी चूक अशी, की आधी बोइंगच्या आकाराचे विमान गृहीत धरले गेले आणि मग जमिनीने त्याला होकार द्यावा अशी अपेक्षा ठेवली गेली. आधी काठावरचा वारा मोजून, त्याला झेपेल असे विमान शोधायला हवे होते.

शेवटी तेच झाले, फक्त उशिरा. ऑक्टोबर २०१६ मध्ये एक अ‍ॅव्ह्रो आरजे-१०० आणि त्यानंतर एम्ब्रेअर कंपनीचे ई-१९० विमान चाचणीसाठी आले. लहान आकाराची ही विमाने दक्षिणेकडून, वारा पाठीशी घेऊनही उतरू शकतात असे दिसले. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी एअरलिंक कंपनीचे ई-१९० पहिली नियमित सेवा घेऊन जोहान्सबर्गहून, वाटेत नामिबियातील विंडहोक येथे थांबून, बेटावर उतरले. वजनाची मर्यादा पाळण्यासाठी सुरुवातीला त्यात सगळ्या जागा भरत नसत. फेब्रुवारी २०१८ मध्ये आरएमएस सेंट हेलेनाने बेटावरची शेवटची फेरी पूर्ण केली.

मैदानाचे काय झाले, याचे उत्तर संमिश्र आहे. धावपट्टी, इमारती आणि भराव यांनी घेतलेली जमीन गेली. ज्या ड्राय गटच्या थरांतून हुदहुद बाहेर आला, तिचा एक मोठा भाग आता भरावाखाली आहे. दुसरीकडे प्रकल्पाच्या निमित्ताने स्थानिक वनस्पतींची रोपवाटिका उभी राहिली आणि वायरबर्डच्या घरट्यांवर येणाऱ्या मांजरे-उंदरांचा बंदोबस्त सुरू झाला. २००७ मध्ये अतिसंकटग्रस्त मानला गेलेला हा पक्षी पुढच्या दशकात कमी धोक्याच्या वर्गात आला. हॉर्स पॉइंटजवळ २००० सालापासून बेटवासी 'मिलेनियम फॉरेस्ट' या नावाने गमवुडची झाडे लावत आहेत, जिथे कधीकाळी 'ग्रेट वुड' होते.

मैदान समुद्रापासून ३०० मीटर उंच असल्यामुळे ढग खाली उतरले की धावपट्टी दिसेनाशी होते. अशा दिवशी विमान परत वळते किंवा निघतच नाही आणि प्रवासी जहाज आता नसल्याने केप टाउनच्या रुग्णालयात जायचे असलेला रुग्ण, सुट्टीवर घरी येणारा मुलगा आणि टपालाच्या थैल्या असे सगळेच ढग उचलण्याची वाट पाहत थांबतात.